दोन नारळ

आत्यांच्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, एक फिकट गोल ठिपका आहे. बाकीचं कपाळ शेतातल्या उन्हानं रापलेलं आहे. तेवढ्याच जागेवर चाळीस वर्षं कुंकू होतं, त्यामुळे खालच्या कातडीला ऊन कधी लागलंच नव्हतं. मामा, म्हणजे माझे सासरे रंगनाथ, मागच्या पावसाळ्यात गेले आणि त्या ठिपक्यावर ऊन पडायला लागलं. आधी कडा धूसर झाल्या, मग रंग कडेकडून आत सरकत गेला. आता मुद्दाम पाहिलं तरच तो दिसतो. मी मुद्दाम पाहते. नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. कशाचा रंग कधी आणि किती बदलला, याकडे लक्ष ठेवायचा मला पगार मिळतो.

आत्या म्हणजे छबूबाई, माझ्या सासूबाई. त्या रविवारी सकाळी आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून त्या कोथिंबीर निवडत होत्या. जेवायचं आमंत्रण रविवारचं होतं, त्या शनिवारीच आल्या होत्या. बरोबर दोन पिशव्या होत्या आणि एक पत्र्याची पेटी. नुसतं जेवायला येणारी बाई पेटी आणत नाही. सुनीलनं, माझ्या नवऱ्यानं, ती उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि बाहेर येताना पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

सगळा प्रश्न त्या मागच्या खोलीचा होता. आमच्या घरात तेवढी एकच खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी, एक पलंग, एक भिंतीतलं कपाट. मामा गेल्यावर आत्यांनी ठरवलं की गावात करमत नाही, धाकट्याकडे नगरला राहायचं. पारनेर तालुक्यात त्यांचं स्वतःचं घर आहे, बागायत आहे, थोरले दीर रविराजभाऊजी आणि जाऊबाई आहेत. तरी त्यांना ही खोली हवी होती आणि सुनील त्यांना फोनवर हो म्हणून बसला होता. मला त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ती खोली माझ्या आईसाठी आहे असं मी मनाशी कधीच ठरवलं होतं. फक्त ते तोंडातून बाहेर काढलं नव्हतं.

माझी आई, बायडाबाई, पाथर्डीच्या पलीकडे डोंगराकडेच्या गावात एकटी राहते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाते. मला तिनं अशाच हंगामांवर एम.एस्सी. केलं. मागच्या हंगामात उसाचं पातं तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. मी तिला नगरला आणलं, डॉक्टरांना दाखवलं. बुबुळावर व्रण राहिला होता. त्या डोळ्यानं आता तिला फक्त उजेड-अंधार कळतो. आठवडाभर ती त्या मागच्या खोलीत राहिली. मग गावाहून आत्यांचा फोन आला. तो सुनीलच्या मोबाईलवर आला होता आणि स्पीकरवर होता. आत्या म्हणाल्या, लेकीच्या घरी किती दिवस अंथरूण टाकायचं याची काही रीत असते की नाही. आईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा पलंगावरची चादर घडी घालून ठेवलेली होती आणि ती गेली होती. आता येत्या दसऱ्यानंतर ती पुन्हा टोळीबरोबर जाणार होती. कोयता जमणार नाही, कोपीवर, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, राहून पोरं सांभाळीन आणि भाकरी थापीन, असं तिनं मुकादमाला सांगून टाकलं होतं.

जेवणाची कल्पना सुनीलची. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मोनिकानं मदर्स डेला घरी ब्रंच केला होता. आई आणि सासू एका सोफ्यावर, दोघींच्या हातात गुलाब, मध्ये केक, असा फोटो तिनं टाकला होता. सुनीलनं तो माझ्या मोबाईलवर पाहिला आणि म्हणाला, आपणही दोघींना बोलावू. धोंड्याचा महिना लागलाच आहे, तुझ्या आईची ओटी भरायची असेल, माझ्या आईचंही मन रमेल. ऊन चढायच्या आत, अकरापर्यंत जेवणं उरकू. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. सगळ्यांची पोटं भरली, चार गोड शब्द झाले, की खोलीचं जाहीर करायचं. गोड खाऊन कुणी भांडत नाही, असा त्याचा अनुभव होता.

मी लगेच हो म्हणाले. एवढ्या लगेच, की तो जरा चकित झाला.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांनी येतो. जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावतात आणि लेकी आईची ओटी भरतात. मागचा धोंड्याचा महिना आला तेव्हा मामा होते. आत्यांनी गावच्या घरी भावकीतल्या बायका जेवायला बोलावल्या होत्या आणि लोकलाजेस्तव माझ्या आईलाही निरोप दिला होता. आई दोन एसट्या बदलून आली. मी तिच्यासाठी मोरपंखी साडी आणली होती. ओसरीवर सगळ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. मी आईसमोर बसले, तिनं पदर पसरला, मी साडी ठेवली, नारळ ठेवला, गव्हाची पहिली ओंजळ घातली. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला. हिरव्या बांगड्यांचा. त्या हातानं आईच्या पदरातला नारळ उचलला.

"बिनकुकवाच्या बाईची वटी भरतेत व्हय गं? तुमच्या टोळीत चालत आसंल. आमच्यात न्हाई चालत."

आत्या ओरडल्या नव्हत्या. भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं, तसं म्हणाल्या होत्या. नारळ त्यांनी शेजारी बसलेल्या भीमाकाकूंच्या पदरात ठेवला. भीमाकाकू त्यांची चुलत जाऊ. काकूंनी तो घेतला, वर हसल्याही. आईनं पदरातले गहू गोळा करून ताटात परत ओतले, एकेक दाणा टिपून. मग तिला परसात, गोठ्याच्या सावलीला वेगळं वाढलं. जाताना ती मला म्हणाली, त्यांचं बराबर हाय, तू मनाला लावून घिऊ नको.

मी मनाला लावून घेतलं. मामा गेले त्या दिवशी मला रडू आलं, कारण मामा चांगले होते. पण बायकांनी आत्यांना ओसरीवर बसवून हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या, तेव्हा माझं रडणं थांबलं आणि मी मनात हिशेब केला की पुढचा धोंड्याचा महिना ज्येष्ठात येतो.

म्हणून बाजारातून मी दोनच नारळ आणले होते. भीमाकाकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण मागच्या वेळी त्या होत्या. काकूंचे यजमान ठणठणीत आहेत, त्यामुळे त्यांची ओटी भरायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. एक नारळ त्यांचा. दुसरा माझ्या आईचा. आत्यांच्या वेळी ताट रिकामं असेल आणि मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवेन. ते वाक्य मी तीन वर्षं जपलं होतं, त्यातल्या 'आमच्यात' या शब्दावरच्या जोरासकट. त्यांचं जेवणाचं ताट मी मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी लावणार होते. आमची मुलगी संस्कृती सात वर्षांची आहे. तिला मी आदल्या आठवड्यातच सुट्टीला म्हणून रविराजभाऊजींकडे धाडलं. हे तिनं बघायला नको होतं.

पुरण पहाटेच शिजवून वाटून ठेवलं होतं. धोंडे उकडायला लावले, पुरणाच्या येळवणीची आमटी उकळत ठेवली, आंबे पिळून रस झाकला. अनारशाचं पीठ मी चार दिवस आधी भिजवलं होतं; पहिला अनारसा तुपात न फुटता जाळीदार सुटला तेव्हा आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"लई झ्याक जमलंय," त्या म्हणाल्या. "मला आयतं मिळंल आता हे."

मी झारा निथळू दिला आणि दुसरा अनारसा सोडला.

दहाच्या सुमाराला सुनील माळीवाडा स्टँडवरून आईला घेऊन आला. त्याच्यामागून लगेच भीमाकाकू आल्या. त्यांचा मुलगा त्यांना खाली सोडून पुढं कामाला गेला. आई दारातच वहाणा काढून, पायरीशी ठेवून, आत येऊन फरशीवर बसली. मी वर बस म्हणाले, सुनील वर बसा म्हणाला. ती म्हणाली गार वाटतंय, हितंच बरं. तिनं मोरपंखी साडीच नेसली होती. आत्यांनी ती ओळखली असावी, कारण त्यांची नजर काठावरून दोनदा फिरली.

भीमाकाकू सोफ्यावर ऐसपैस बसल्या आणि पंखा मोठा करायला लावला. सुनीलला म्हणाल्या, धोंडे जावयानं सासुरवाडीला जाऊन खायचे असतात, तू तर सासूलाच घरी आणून बसवलंस, चांदीचं ताट कोण देणार आता तुला. सुनील हसला. आई म्हणाली, ताट जावयाकडं हायेच, लेक दिली तीच लई झाली. हे ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की काकूंना तो टोमणा आहे की नाही ते समजेना. माझी आई गरीब आहे म्हणून ती साधी आहे असं पुष्कळांना वाटतं.

मी हॉलच्या मधोमध पाट मांडला आणि ताट आणलं. हळद, कुंकू, गहू, दोन साड्या, दोन नारळ. ताट मी आत्यांच्या समोरून नेलं. त्यांनी मोजावं अशीच माझी इच्छा होती.

त्यांनी मोजलं नाही. ताट दिसल्याबरोबर त्या उठल्या. कोथिंबिरीची परडी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरापलीकडच्या गॅलरीच्या दारात जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसल्या. वॉशिंग मशीनच्या शेजारी. मी ठरवलेल्या जागेवर.

"आत्या, इकडे बसा की," मी म्हणाले.

"नगं. तुमचं चालू दे. आमी आता कशाला तितं."

सवयीच्या आवाजात म्हणाल्या. काकूंनी हळूच सांगितलं, वर्षभर असंच करतीय ती. कुठं बारसं असू दे, डोहाळजेवण असू दे, मागच्या दारानं जाते, मागच्या दारानं येते. कुणी सांगावं लागत नाही.

मी पाटासमोर ताट घेऊन बसले होते आणि मला चीड येत होती. तीन वर्षं जपलेली शिक्षा आत्यांनी आधीच मान्य करून टाकली होती. जो नियम त्यांनी माझ्या आईवर चालवला, तोच त्या स्वतःवर चालवत होत्या, आणि तेही बिनतक्रार. मला त्यांचा अपमान करायचा होता. त्यांना त्यात अपमान दिसत नव्हता, वळण दिसत होतं. मीठ विरघळून संपृक्त झालेल्या पाण्यात आणखी मीठ टाकावं आणि ते तसंच तळाशी बसावं, तसं झालं.

भीमाकाकूंची ओटी भरली. त्यांनी उखाणा घ्यायचा आग्रह कुणी करावा म्हणून वाट पाहिली. कुणी केला नाही.

मग मी आईला पाटावर बोलावलं. ती नको म्हणेल, असं मी धरून चालले होते. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती उठली, पाटावर बसली, एका डोळ्यानं गॅलरीच्या दाराकडे बघितलं आणि पदर पसरला. मागच्या वेळेपेक्षा मोठा.

मी हळद लावली. कुंकवाकडे हात गेला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"कुकू नगं. कुकू त्यांच्या नावाचं हुतं, ते त्यांच्यासंगं गेलं," ती म्हणाली. "वटी माज्या लेकीची हाय. ती कशी जाईल? भर."

ती हे मोठ्यानं म्हणाली. टोळीत उसाच्या दोन फडांच्या मधून हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज आहे; गॅलरीपर्यंत तो सहज गेला. मी साडी ठेवली, नारळ ठेवला, गव्हाच्या ओंजळी घातल्या. या वेळी खांद्यावरून हात आला नाही. भीमाकाकू अगं, अगं, करत राहिल्या. सुनील मोबाईल बघत होता. त्याच्या मोबाईलचा उजेड गेला तरी तो तसाच बघत राहिला.

गॅलरीच्या दारातली पाठ वळली.

आत्या उठून आल्या आणि हॉलच्या उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी आईच्या पदराकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. एखाद्या बाईनं वर्षभर निर्जळी उपास करावा आणि तो उपास मुळी नव्हताच असं तिला कुणीतरी सांगावं, तशा त्या बघत होत्या.

"भरली?" त्या म्हणाल्या.

"भरली," आई म्हणाली.

"आन् काय झालं?"

"काय व्हायचंय. पदर जड झाला."

आत्या आणखी दोन पावलं आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आई पाटावरून उठत होती. ती उठताच आत्या पाटावर बसल्या. ढोपरं दुखतात त्यांची, एक हात फरशीला टेकून बसल्या. आणि पदर पसरला.

"माजी बी भर मग," त्या म्हणाल्या.

मी ताट त्यांच्यासमोर तिरकं केलं. त्यात तळाशी मूठभर गहू होते आणि कुंकवाचा करंडा होता.

"नारळ संपले, आत्या."

"सुन्या, जा, खालच्या दुकानातून नारळ आन जा."

सुनील लगेच उठला, खिशात हात घालून दाराकडे निघाला. मी त्याला म्हणाले, थांब. त्याच्याशी मी त्या आवाजात आजवर कधी बोलले नव्हते. तो थांबला.

भीमाकाकूंनी स्वतःच्या ओटीत हात घातला. "कशाला बाजारातून? ह्यो घे माजा. भर तिची, आन् मिटव."

"ओटीतला नारळ काढत नाहीत, काकू," मी म्हणाले. "एकदा काढला होता. तुमच्याच पदरात पडला होता तो."

काकूंचा हात नारळावरच राहिला. मग त्यांनी तो पदराखाली झाकून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना तो दिवस तेव्हाच आठवला असं मला वाटतं. तोवर तो त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हता. ज्या गोष्टीवर मी तीन वर्षं जगले, ती त्यांना आठवावी लागत होती.

"त्येचं व्हय हे सगळं," त्या सावकाश म्हणाल्या.

"बिनकुंकवाच्या बाईची ओटी भरत नाहीत. आमच्यात नाही चालत."

"मग तुज्या आईची भरली ती?"

"ती माझी आई आहे."

त्यांचा पदर अजून पसरलेलाच होता. सुती, पांढरट, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याची दोन टोकं त्यांनी दोन हातांच्या चिमटीत धरली होती.

"मला लेक न्हाई, रेश्मा," त्या म्हणाल्या. "दोन्ही पोरंच. माजी वटी भरनारं दुसरं कोन हाय? तूच हायेस की."

मला वाईट वाटलं का? वाटलं. छातीत एका ठिकाणी, दात दुखतो तसं. पण ते वाईट वाटणं आणि मला हवं होतं ते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्यात होत्या आणि एकीनं दुसरी कमी होत नव्हती. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं आणि माझ्याकडे ते देण्यासारखं होतं. एक शब्द टाकला असता तर सुनील पाच मिनिटांत नारळ घेऊन आला असता. मी आईकडे बघितलं. आईनं सुचवावं, मायेनं काही म्हणावं, अशी सगळे वाट बघत होते. आईनं पदराला गाठ मारली, नीट, ओढून, आणि म्हणाली, धोंडे गार व्हतील, वाढ.

मी ताट उचलून आत नेलं.

जेवणं झाली. धोंड्यांवर तूप वाढलं, रस दोनदा वाढला. आई सोफ्याला टेकून पोटभर जेवली. एक अनारसा जास्तीचा मागून घेतला. आत्यांनी आपलं ताट स्वतःच गॅलरीत नेलं. मी त्यांना तिथं वाढायला जात असे आणि त्या पुरे म्हणेपर्यंत वाढत असे. आमटी लई चांगली झालीय, असं त्या एकदा म्हणाल्या. काकूंनी उगाच आंब्याच्या भावाचा विषय काढला, कुणी उचलला नाही. सुनीलला घाम येत होता, पंखा मोठा असूनही.

हात धुऊन झाल्यावर त्यानं घसा साफ केला. मला कळलं, आता निघतंय. गोड खाऊन झालं होतं ना. तो म्हणाला की वडील गेल्यापासून आईचं गावात मन लागत नाही, मोठ्या भावाशी त्याचं बोलणं झालंय, तर जून लागायच्या आत आईनं इथंच राहायला यायचं असं ठरतंय. आलीच आहे तर आता परत कशाला जायचं. मागची खोली मोकळीच आहे. हे सगळं तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होता.

काकू म्हणाल्या, बरंच होईल. काकूंना निघायची घाई झाली होती.

आत्या गॅलरीतून आल्या. त्यांनी ताट घासून आणलं होतं, आमच्या सिंकमध्ये ठेवू दिलं नव्हतं. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःला सावरलं होतं. ओटीचं जे व्हायचं ते झालं, खोली तर होती. चेहरा पुन्हा घट्ट, गावच्या ओसरीवरचा झाला होता. सोफ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, पलंग खिडकीपासून जरा आत सरकवून घेऊ, सकाळचं ऊन तोंडावर येतं.

आई उठली. पिशवीत ओटीचं सामान ठेवलं, वर नारळ ठेवला. पाथर्डीची दुपारची गाडी गाठायची आहे, म्हणाली. ती गेली तर पुढची थेट संध्याकाळी, आणि पाथर्डीहून पुढं गावाला जायला मग जीप मिळत नाही, आणि अंधारात तिला नीट दिसत नाही. हे शेवटचं ती म्हणाली नाही, ते मला माहीत होतं. मी पलंगावरची घडी घातलेली चादर आठवली. दसरा आठवला, कोपीतला धूर आठवला, आणि तो एक डोळाही आठवला, जो वाचवायला उशीर झाला होता; आणि उरलेल्या दुसऱ्या डोळ्यालाही रोज चुलीपुढं बसायचं होतं.

आई दाराशी वाकून वहाणा घालत होती. डावी वहाण तिला चटकन सापडेना. तिकडचं दिसत नाही. हातानं चाचपून तिनं ती ओढून घेतली. सुनील गाडीची किल्ली शोधत होता.

"येत जावा, इहीनबाई," आत्या सोफ्यावरून म्हणाल्या. "आता मी हितंच हाय. चार दिस पाहुन्यासारकं येत जावा. मान ठेवू आमी तुमचा."

आई खाली बघूनच बरं म्हणाली.

मी दाराशी गेले. आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला ठेवली. ती माझ्याकडे वर बघत राहिली, एका डोळ्यानं. मग मी वळले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याचा निकाल वाचून दाखवते, तसा.

"वहाणा काढ, आई. सुनील, किल्ली ठेव. आत्या, पाहुण्या तुम्ही आहात. चार दिवस राहा, मान ठेवू. मागची खोली माझ्या आईची आहे, आणि ती आजपासून इथंच राहणार आहे."